पोझितानोचा मुसलमान : एका कादंबरीकाराची तीन नावं

इटलीच्या दक्षिण किनाऱ्यावर अमाल्फीजवळ पोझितानो नावाचं गाव आहे. डोंगराच्या उतारावर एकावर एक चढलेली घरं आणि खाली समुद्र. आज तिथं जगभरातले पर्यटक गर्दी करतात. तिथल्या दफनभूमीत ख्रिस्ती कबरींमध्ये एक कबर वेगळी आहे. तिच्या दगडावर पगडी कोरलेली आहे आणि नाव आहे, मोहम्मद एस्साद बे. २७ ऑगस्ट १९४२ रोजी, वयाची ३७ वर्षंही पूर्ण झाली नव्हती तेव्हा, हा माणूस या गावात वारला. गावकरी त्याला ‘मुसलमान’ म्हणूनच ओळखत.

जन्माच्या वेळचं त्याचं नाव लेव नुसिमबाउम. आईवडील दोघंही ज्यू. तो जन्मला रशियाच्या झारच्या राज्यात, वाढला अझरबैजानात, लिहीत राहिला जर्मन भाषेत. लेव, मग एस्साद बे आणि शेवटी ‘कुर्बान सईद’, अशा तीन नावांनी तो जगला. यातल्या तिसऱ्या नावाने १९३७ साली व्हिएन्नात प्रसिद्ध झालेली ‘अली आणि निनो’ ही कादंबरी आज तीसहून अधिक भाषांत वाचली जाते. ती अझरबैजानची राष्ट्रीय कादंबरी मानली जाते. पण तिचा लेखक म्हणून या ज्यू-मुसलमानाचं नाव घ्यायला तिथले अनेक लोक आजही तयार नाहीत.

पोझितानोच्या त्या दगडावरचं नाव खरं होतं की सोंग? त्याच्याबद्दल लिहिणारा प्रत्येक जण या प्रश्नाशी येऊन थांबतो. मला वाटतं, त्याचं आयुष्य सलग पाहिलं तर या प्रश्नाला बऱ्यापैकी सरळ उत्तर मिळतं.

तेलाचं शहर

लेवचा जन्म ऑक्टोबर १९०५चा. आपण रेल्वेगाडीत जन्मलो, असं तो सांगत असे. नोंद मात्र कीव शहरातली सापडली आहे. तो महिना रशियातल्या ज्यूंसाठी भयंकर होता. कीवसह अनेक शहरांत ज्यूंच्या घरांवर, दुकानांवर हल्ले झाले होते. वडील अब्राहम नुसिमबाउम तेलाच्या धंद्यात होते आणि त्यांचं बस्तान बाकूत होतं. मुलगा तिथंच वाढला.

बाकू हे कॅस्पियन समुद्राकाठचं शहर. विसावं शतक उजाडलं तेव्हा जगातलं निम्म्याहून अधिक खनिज तेल या एका शहराच्या आसपास निघत होतं. नोबेल बंधू आणि रॉथशिल्ड घराण्याचा पैसा तिथं लागला होता. पण तिथले तेलसम्राट फक्त युरोपियन नव्हते. हाजी झैनुलाबिदीन तगीयेव हे जोडे शिवणाऱ्याचे पुत्र. लहानपणी गवंड्याच्या हाताखाली राबले आणि पुढं तेलाच्या विहिरीने कोट्यधीश झाले. त्यांनी १९०१ साली बाकूत मुस्लिम मुलींसाठी निवासी शाळा उघडली. रशियन साम्राज्यातल्या मुस्लिम मुलींसाठी आधुनिक शिक्षण देणारी ती पहिलीच शाळा. शिया मुसलमान, आर्मेनियन, रशियन, जॉर्जियन, ज्यू असे सगळे त्या शहरात एकमेकांच्या शेजारी राहत होते. भांडणंही होती, व्यवहारही होते.

लेव लहान असतानाच आईने आत्महत्या केली. वडिलांनी त्याला जर्मन दाईच्या हाती सोपवलं. जर्मन भाषा त्याला मिळाली ती इथून. दुबळ्या प्रकृतीचा, एकटा, पुस्तकांत बुडालेला मुलगा. बाकूच्या तटबंदीच्या आतल्या जुन्या शहरात शिरवानशहांचा महाल आहे, मशिदी आहेत, अरुंद गल्ल्या आहेत. श्रीमंत ज्यू व्यापाऱ्याच्या घरातून दिसणारं हे दुसरं जग त्याला खुणावत राहिलं. पुढं आपल्या कादंबरीच्या नायकाचं आडनाव त्याने ‘शिरवानशीर’ ठेवलं.

मग क्रांती आली. मार्च १९१८ मध्ये बोल्शेविक आणि आर्मेनियन दाश्नाक यांच्या हातून बाकूत हजारो मुसलमान मारले गेले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये उस्मानी फौज शहरात आली तेव्हा आर्मेनियनांची कत्तल झाली. या गदारोळात नुसिमबाउम बापलेक जहाजाने कॅस्पियन ओलांडून तुर्किस्तानच्या किनाऱ्याला लागले. तिथून वाळवंटातून काफिल्याबरोबर इराणात गेले, असं लेवने नंतर लिहिलं. त्या प्रवासाच्या त्याने सांगितलेल्या कथा इतक्या रंगतदार आहेत की त्यातला प्रत्येक डाकू आणि प्रत्येक खान खरा धरून चालणं कठीण आहे. पण पळ खरा होता, बारा-तेरा वर्षांचं वयही खरं होतं.

मे १९१८ मध्ये स्थापन झालेलं अझरबैजानचं लोकशाही प्रजासत्ताक हा मुस्लिम जगतातला विसरलेला अध्याय आहे. संसद, बहुपक्षीय सरकार आणि स्त्रियांना मताधिकार. तोही अमेरिकेच्या राज्यघटनेत ती तरतूद येण्याआधी. बापलेक या काळात बाकूला परतले. प्रजासत्ताक जेमतेम २३ महिने टिकलं. एप्रिल १९२० मध्ये लाल सैन्य बाकूत शिरलं आणि लेव दुसऱ्यांदा पळाला. या खेपेला जॉर्जिया, बातुमी बंदर, तिथून इस्तंबूल. मग पॅरिस आणि १९२१ साली बर्लिन. वडिलांजवळ तेलविहिरींची कागदपत्रं होती. बोल्शेविक आज ना उद्या पडतील या आशेवर असे कागद काही काळ विकले जात. नंतर त्यांची रद्दी झाली.

बर्लिनमधला कलमा

तेव्हाचं बर्लिन म्हणजे हरलेल्या देशाची उपाशी राजधानी. क्रांतीतून निसटलेले लाखो रशियन जर्मनीत येऊन पडले होते. व्लादिमिर नाबोकोव्हही याच गर्दीत होता. लेव निर्वासितांसाठी चालवलेल्या रशियन शाळेत जाऊ लागला. शाळा संपायच्या आधीच, ऑक्टोबर १९२२ मध्ये, त्याने विद्यापीठाच्या पौर्वात्य भाषा विभागात नाव नोंदवलं. सकाळी शाळा आणि इतर वेळी तुर्की-अरबीचे वर्ग. शाळेत हे कुणाला ठाऊक नव्हतं. विद्यापीठाच्या रजिस्टरमध्ये त्याने नाव लिहिलं, एस्साद बे नुसिमबाउम.

त्याच्या दोन महिने आधी, ऑगस्ट १९२२ मध्ये, त्याने बर्लिनमधल्या तुर्की वकिलातीच्या इमामासमोर इस्लाम कुबूल केला होता. वय १६. ज्या उस्मानी सल्तनतीच्या छायेत त्याने कलमा पढला, ती त्यानंतर तीनच महिन्यांत संपुष्टात आली. १ नोव्हेंबरला अंकाराच्या संसदेने सल्तनत बरखास्त केली. त्याने निवडलेलं प्रत्येक घर असंच कोसळत गेलेलं दिसतं.

‘लेव’चा रशियन अर्थ सिंह. ‘एस्साद’ हे उच्चाराने अरबी ‘असद’च्या जवळचं, आणि असद म्हणजेही सिंह. याच शहरात चार वर्षांनी, १९२६ साली, आणखी एका ज्यू पत्रकाराने इस्लाम स्वीकारला. लिओपोल्ड वाइस त्यांचं नाव. ‘लिओ’ म्हणजे सिंह, म्हणून त्यांनीही नाव घेतलं मुहम्मद असद. पुढं त्यांनी कुरआनचा इंग्रजी अनुवाद केला, तो आपल्याकडे अनेक घरांत आहे. दोघांच्या वाटा पुढं फार वेगळ्या झाल्या. पण एका शहरात, चार वर्षांच्या अंतराने, दोन ज्यू तरुण सिंहाचं नाव घेऊन मुसलमान होतात, हा निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

एकोणिसाव्या शतकापासून जर्मन भाषिक ज्यू विद्वानांत इस्लामबद्दल खोल ओढ होती. ख्रिस्ती युरोप ज्यूंना ‘पूर्वेकडून आलेले परके’ म्हणत होता. त्यावर काहींनी मान उंच करून सांगितलं, हो, आम्ही पूर्वेचेच. बर्लिनचं १८६६ साली उघडलेलं मोठं सिनेगॉग अंदलुसी धाटणीच्या घुमटाचं आहे, ते यातूनच. इग्नाझ गोल्डझिहर हे हंगेरीचे ज्यू. कैरोच्या अल अजहरमध्ये शिकले आणि हदीसच्या आधुनिक अभ्यासाचा पाया त्यांनी घातला. गोल्डझिहर ज्यूच राहिले. लेवने उंबरठा ओलांडला. अंदलुसियात ज्यूंना जी जागा मिळाली होती ती ख्रिस्ती युरोपने कधी दिली नाही, ही भावना या सगळ्यांच्या मागे होती.

त्या बर्लिनमध्ये आपली माणसंही होती. १९२२ साली तिथं मुस्लिमांची जमात उभी केली ती दिल्लीच्या अब्दुल जब्बार खैरी यांनी. त्याच वर्षी डॉ. झाकिर हुसेन अर्थशास्त्र शिकायला आले. भावी राष्ट्रपतींनी शिकता शिकता तिथल्या एका इराणी छापखान्यातून गालिबचा दिवान देखण्या रूपात छापून घेतला. हे थोडं विषयांतर झालं, पण इमाम कुठून आले, जमात कुठून आली, असा प्रश्न वाचकाला पडू नये म्हणून सांगितलं.

लेखक एस्साद बे

१९२६ साली त्याचं लेखन ‘दी लिटरारिशे वेल्ट’ या साप्ताहिकात येऊ लागलं. संपादक होते विली हास. वॉल्टर बेंजामिनसारखे लेखक तिथं लिहीत. पूर्वेबद्दल काही हवं असलं की एस्साद बे हा ठरलेला माणूस. पुढच्या सात वर्षांत त्याचे शंभरावर लेख तिथं छापून आले. (हास पुढं नाझींपासून पळत १९३९ साली मुंबईत आले आणि मोहन भवनानींच्या कंपनीसाठी चित्रपटांच्या पटकथा लिहू लागले. आकाशवाणीची ती ओळखीची धून ज्यांच्या नावावर आहे ते वॉल्टर काउफमान हे त्यांचे स्नेही. एस्साद बेला लेखक म्हणून उभा करणारा संपादक आपल्या मुंबईत हिंदी सिनेमे लिहीत होता, हे आज कुणाच्या लक्षात नाही.)

१९२९ साली ‘पूर्वेतलं रक्त आणि तेल’ या अर्थाच्या नावाचं त्याचं पहिलं पुस्तक आलं. बालपण, क्रांती आणि पलायन यांची ती कहाणी. पुस्तक गाजलं. मग जणू कारखाना सुरू झाला. काकेशसवर पुस्तक, १९३१ साली स्टालिनचं चरित्र, १९३२ साली प्रेषित मुहम्मद (स.) यांचं चरित्र, पुढं झार निकोलस आणि इराणचे रझाशाह यांची चरित्रं. तीस वर्षांचा होण्याआधी डझनभर पुस्तकं त्याच्या नावावर होती. भाषांतरं होत होती, पैसा येत होता. डोक्यावर काकेशियन टोपी, कमरेला खंजीर अशा वेषातले त्याचे फोटो छापले जात.

याच वेळी बर्लिनमधल्या मुस्लिमांनी आणि काकेशसहून आलेल्या निर्वासितांनी त्याच्याविरुद्ध आवाज उठवला. हा आमच्याबद्दल वेडंवाकडं लिहितो, हा मुसलमानच नाही, हा तर ज्यू, असा त्यांचा सूर होता. जर्मनीतले उजवे राष्ट्रवादी त्यांच्या मदतीला होतेच. त्यांना ज्यू लेखकाला झोडपायला निमित्त हवं होतं.

यातल्या अर्ध्या आरोपाशी मी सहमत आहे. त्याची इतिहासाची पुस्तकं इतिहास म्हणून वाचण्यासारखी नाहीत. काकेशसमधल्या टोळ्या, रक्ताचे सूड, हरम, विचित्र चालीरीती यांची युरोपियन वाचकाला जी भूक होती, ती त्याने ‘मी तिथलाच’ असं सांगून भागवली. प्रेषितांचं चरित्रही ओघवतं आहे, आदराने लिहिलेलं आहे, पण संशोधन म्हणून त्याच्यावर विसंबता येणार नाही. आपल्याच समाजाला परक्यांसाठी चटकदार करून विकणारे लेखक आपण आजही पाहतो, तेव्हा बर्लिनच्या त्या मुस्लिमांची चीड समजते.

आरोपाचा दुसरा अर्धा भाग मात्र मला मान्य नाही. ‘पुस्तक चुकीचं आहे’ इथपर्यंत टीका ठीक होती. ‘तो ज्यूच्या पोटी जन्मला, म्हणून मुसलमान नाही’ ही पुढची पायरी इस्लामच्या कोणत्या शिकवणीत बसते? बिलाल हबशी होते, सलमान फारसी होते, अब्दुल्ला इब्न सलाम तर मदिनेतले ज्यू विद्वान होते. कलमा पढणाऱ्याचं रक्त तपासायची रीत आपली नव्हे. ती त्या काळात जर्मनीत दुसरेच लोक रुजवत होते. आणि काही मुस्लिमांनी नकळत त्यांचीच भाषा उचलली.

जिथं नावाचा उपयोग नव्हता

१९३२ साली त्याने एरिका लोवेनडाल या श्रीमंत उद्योजकाच्या मुलीशी लग्न केलं. काही काळ दोघं अमेरिकेत राहिले. लग्न टिकलं नाही, १९३७ मध्ये घटस्फोट झाला.

जर्मनीत हिटलर आला तरी सुरुवातीला एस्साद बेची पुस्तकं विकली जात होती. तो बोल्शेविकांचा कडवा विरोधक, म्हणून नाझींना त्याची पुस्तकं चालत. १९३५ मध्ये त्याचं मूळ उघड झालं आणि लेखकांच्या सरकारी संघटनेतून त्याला काढलं गेलं. जर्मनीत छापायचं तर सभासदत्व लागे. एका फटक्यात त्याचा सगळा बाजार गेला. तो व्हिएन्नात होता.

व्हिएन्नात त्याला आसरा मिळाला तो बॅरन उमर रॉल्फ फॉन एहरेनफेल्स यांच्या वर्तुळात. एहरेनफेल्स जन्माने ऑस्ट्रियन सरदार घराण्यातले. १९२७ साली त्यांनी इस्लाम स्वीकारला होता आणि व्हिएन्नात मुस्लिमांची सांस्कृतिक संघटना ते चालवत. त्यांच्या पत्नी एल्फ्रीडे याही लेखिका. १९३७ साली व्हिएन्नाच्या ‘ताल’ प्रकाशनाने ‘अली आणि निनो’ छापली तेव्हा लेखकाचं नाव होतं कुर्बान सईद. जर्मन ग्रंथसूचीत या टोपणनावाची मालक म्हणून नोंद झाली बॅरनेस एल्फ्रीडे यांची. बॅरनेसच्या नावावर आक्षेप घ्यायला कारण नव्हतं. पुस्तक जर्मनीत जाऊ शकत होतं, मानधन व्हिएन्नात येऊ शकत होतं.

कुर्बान सईद या दोन शब्दांचा अर्थ आपल्या वाचकांना सांगायची गरज नाही.

कादंबरीची सुरुवात बाकूच्या शाळेतल्या भूगोलाच्या तासाने होते. रशियन मास्तर विचारतात, आपलं शहर युरोपात मोडतं की आशियात? हे काही प्रमाणात वर्गातल्या मुलांच्या वागण्यावर अवलंबून आहे, असंही सुचवतात. अली खान शिरवानशीर हा शिया खानदानातला मुलगा म्हणतो, आम्ही आशियातच बरे. त्याचं प्रेम आहे निनो किपियानीवर. ती जॉर्जियन, ख्रिस्ती, युरोपकडे तोंड करून उभी असलेली. दोघांचं लग्न होतं, ते पळतात, दागेस्तानच्या डोंगरात राहतात, तेहरानला जातात. तेहरानच्या हरममध्ये निनोचा जीव गुदमरतो. मुहर्रमच्या मिरवणुकीत आपला नवरा मातम करताना तिला दिसतो तेव्हा तिला तो ओळखू येईनासा होतो. अलीला त्या दिवशी जे सापडलं असतं ते तिला कधीच समजावता येत नाही. लेखक कुणाची बाजू घेत नाही. बाकूत परतल्यावर परदेशी पाहुण्यांसमोर निनो खुलते आणि अली आपल्याच घरात उपरा होतो.

चरित्रांमध्ये जो लेखक सगळ्या गोष्टी ठामपणे सांगत सुटतो, तोच इथं थांबून दोघांचं ऐकून घेतो. म्हणून ही कादंबरी टिकली. उणीव नाही असं नाही. निनोला पळवणारा आर्मेनियन खलनायक साचेबद्ध आहे, आणि आर्मेनियनांच्या वाट्याला जे आलं ते माहीत असताना तो खटकतो. शेवटी लाल सैन्य येतं. बायको-मुलीला गाडीत बसवून अली गंजा शहराच्या पुलावर मशीनगन धरतो आणि मरतो. जो लेखक चौदाव्या वर्षी वडिलांचा हात धरून जहाजात बसला होता, त्याने आपल्या नायकाला मात्र पळू दिलं नाही.

मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला. ‘गोल्डन हॉर्नची मुलगी’ ही कुर्बान सईदची दुसरी कादंबरी त्याच वर्षीची. एहरेनफेल्स हिंदुस्थानात निघून आले. त्यांना हैदराबादेत जागा मिळाली. आपला मराठवाडा तेव्हा ज्या राज्यात होता, त्याची ही राजधानी. १९४१ साली उस्मानिया विद्यापीठाच्या मालेत त्यांचं भारतातल्या मातृसत्ताक समाजांवरचं पुस्तक निघालं. युद्धकाळात ब्रिटिशांनी त्यांना शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून डांबलं. नंतर ते मद्रास विद्यापीठात मानववंशशास्त्राचे प्राध्यापक झाले. मुहम्मद असदही तोवर हिंदुस्थानात होते, हैदराबादहून निघणाऱ्या ‘इस्लामिक कल्चर’ या त्रैमासिकाचं संपादन त्यांनी केलं होतं. त्यांनाही युद्ध संपेपर्यंत छावणीत ठेवलं गेलं.

एस्साद बे हैदराबादला आला नाही. तो इटलीला गेला. मुसोलिनीचं चरित्र लिहायला मिळावं म्हणून त्याने खटपट केली. यात त्याची बाजू घ्यायला मला शब्द सापडत नाहीत. बोल्शेविकांच्या भीतीने तो आयुष्यभर राजांच्या आणि हुकूमशहांच्या सावलीत उभा राहिला. हुकूमशहाच्या घरातली सावली कुणाची नसते, हे त्याला बर्लिनमध्ये कळायला हवं होतं. मूळ ज्यू असल्याचं कळताच तो दरवाजाही बंद झाला. १९३८ सालीच इटलीतही ज्यूंविरोधी कायदे आले होते.

मग उरलं पोझितानो. रक्तवाहिन्यांचा असाध्य आजार, पायाला गँगरीन, कापलेली बोटं, मॉर्फिन. पैसे नाहीत. कधी खायचीही भ्रांत. शेजारीपाजारी मदत करत. अशा अवस्थेत तो सहा वह्यांमध्ये बारीक अक्षरांत लिहीत राहिला. त्या शेवटच्या लेखनाला त्याने जे शीर्षक दिलं त्याचा अर्थ, ‘प्रेमातलं काही न कळलेला माणूस’.

सोंगाचा प्रश्न आता विचारून पाहा. १९२२ साली सोळा वर्षांच्या निर्वासित पोराला या नावाने काय मिळणार होतं? १९२९ साली जरूर मिळालं. पुस्तकं विकली गेली, खंजिराचे फोटो छापले गेले. तेवढ्यापुरतं सोंग म्हणता येईल. पण १९३५ नंतर सगळ्यांना सगळं कळलेलं होतं. नाझींना कळलं होतं, बायकोला कळलं होतं, इटालियन सरकारला कळलं होतं. या नावामुळे त्याचा एक पैशाचा फायदा उरला नव्हता. तरी एका कॅथलिक गावात, जिथं जुम्म्याला मागे उभा राहणारा दुसरा माणूस नव्हता, तो मुसलमान म्हणून राहिला आणि मुसलमान म्हणून पुरला गेला. वंशावळ आणि कागद मागणाऱ्यांचा काळ पुन्हा पुन्हा येतो. म्हणून ही शेवटची चार वर्षं मला त्याच्या सगळ्या पुस्तकांपेक्षा बोलकी वाटतात.

वडील अब्राहम व्हिएन्नातच राहिले होते. १९४१ मध्ये त्यांना इतर ज्यूंबरोबर नाझींच्या ताब्यातल्या पोलंडमध्ये पाठवलं गेलं. ते परत आले नाहीत. मुहम्मद असद यांचे वडीलही नाझींच्या हातून गेले. दोन मुसलमान मुलगे आणि त्यांचे दोन ज्यू बाप.

पुस्तकावरचा हक्क

युद्धानंतर कुर्बान सईदला लोक विसरले. बर्लिनमध्ये जुन्या पुस्तकांच्या दुकानात जेनिया ग्रामन या चित्रकर्तीच्या हाती ‘अली आणि निनो’ लागली. तिने केलेला इंग्रजी अनुवाद १९७० साली आला आणि पुस्तक पुन्हा जिवंत झालं. लेखक कोण, हा वाद तिथून सुरू झाला. अझरबैजानात अनेकांचं म्हणणं असं की खरा लेखक युसूफ वझीर चमनझमिनली. ते प्रजासत्ताकाचे इस्तंबूलमधले राजदूत होते. पुढं सोव्हिएत बाकूत परतले, १९४० मध्ये पकडले गेले आणि १९४३ मध्ये श्रमछावणीत वारले. त्यांचं आयुष्यही तितकंच करुण आहे आणि त्यांच्या वारसांचा दावा टिंगलीचा विषय नाही. जॉर्जियातल्या अभ्यासकांनी कादंबरीतले काही उतारे ग्रिगोल रोबाकिद्झे यांच्या पुस्तकाशी जुळतात, असं दाखवलं. अमेरिकन पत्रकार टॉम रीस यांनी वर्षानुवर्षं माग काढून २००५ साली एस्साद बेचं मोठं चरित्र लिहिलं. त्या सहा वह्या त्यांनीच शोधल्या. कादंबरी त्याचीच, असं ते ठामपणे मांडतात. मला त्यांचा युक्तिवाद पटतो. इतरांचे उतारे उचलायची सवय एस्साद बेला होती हे मान्य केलं तरी पटतो.

मजा अशी की ज्यांना पुस्तक हवं आहे त्यांतल्या बहुतेकांना माणूस नको आहे. अझरबैजानी राष्ट्रवाद्यांना ज्यू लेखक नको. काहींना मुसलमान झालेला ज्यू नको. २०१६ साली या कादंबरीवर सिनेमा आला, दिग्दर्शक आसिफ कपाडिया. कुटुंब मूळचं गुजरातचं, स्वतः लंडनचे. बातुमी बंदरात, जिथून तो इस्तंबूलच्या वाटेला लागला, तिथं समुद्रकाठी अली आणि निनो यांचे पोलादी पुतळे उभे आहेत. रोज संध्याकाळी ते हळूहळू एकमेकांकडे सरकतात, एकमेकांतून आरपार जातात आणि लांब होतात. त्यांना पाहायला गर्दी होते.

आणि कादंबरीचे कॉपीराइट कायद्याने आजही एहरेनफेल्स कुटुंबाकडे आहेत.